मागची सीट नसलेली गाडी

१३ नोव्हेंबर, गुरुवार
“माय, सुरू झाली का?” लीलाधर फोनवर एवढंच विचारतो! गाडीचं विचारतो. माय सुरू आहे का बंद पडली, ते नाही. झाली म्हटलं, फोन ठेवला.

तीन वर्षं झाली, लीलाधरची ही लाल गाडी माझ्या कोठ्यात उभी आहे. पुण्यात मोठ्या गॅरेजात मेकॅनिक आहे तो, पण बिल्डिंगीत गाडीला जागा नाही. माझ्या कोठ्यात आता ढोरं नाहीत, म्हणून जागाच जागा. दर गुरुवारी चावी फिरवायची, दहा मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. सीट इतकी खाली की पाटावर बसल्यासारखं. उठताना गुडघे बोंबलतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेजारचा कवडू धान मळून आला, गाडीभोवती फिरला. एवढी नावाची गाडी अन् रेडिओ बी नाही, म्हणे.

लीलाधरनं सांगितलं होतं तसं त्याला सांगितलं. शर्यतीत उतरायचं तर कंपनीला तशाच थोड्या गाड्या लोकांना विकाव्या लागतात, असा नियम. त्यातली ही एक. पळायला हलकी पाहिजे, म्हणून जड ते सगळं काढलं. रेडिओ नाही, एसी नाही, पत्रा पापडासारखा. मागची सीट बी नाही.

“मंग तुमी कुठं बसाल, काकी?”

पुढं लीलाधर अन् सून राखी. मी म्हटलं, तू आपलं धान पाहा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
लीलाधरचा फोन. पुण्यात अशा गाड्यांचं प्रदर्शन आहे. ७ डिसेंबरला दुलीचंद नावाचा माणूस ट्रक आणून गाडी नेणार. तू येशील ना, म्हटलं. सुटी नाही माय, दुलीचंदला चावी दे, म्हणाला.

गाडी गेल्यावर गुरुवारी फोन कायले करंल तो?

२१ नोव्हेंबर
आमच्यात लेकाची गाडी गावातून रिकामी जात नाही. मागच्या सीटच्या जागी नव्या तांदळाची दोन पोती ठेवली, वर लाखोळीच्या डाळीचं गाठोडं. पोती कवडूनं उचलली. हलकी गाडी जड केली तुमी, म्हणे.

२३ नोव्हेंबर
कोठ्यातली मांजर कवडूला देऊन टाकली. दूध फार पिते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सुरू केली. सुरू झाली. फोन नाही.

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान दिवसभर डोक्यावर गोल फिरून राहिलं. जात कुठंच नाही, परत तिथंच उतरते.

४ डिसेंबर, गुरुवार
आज चावी फिरवली नाही. कोणी विचारलंही नाही.

ही वही नातीची, रीनाची. तिच्या गणितामागची कोरी पानं मी भरून राहिली. ती आता माझ्या उंचीची झाली म्हणे. म्हणे!

७ डिसेंबर, रविवार
दुलीचंद आला. गोंदियाचा, हिंदी बोलणारा. चहा नको म्हणाला. चावी फिरवली — काहीच नाही. झाकण उघडलं तर वायरी कुरतडलेल्या. पोत्यांना भोकं, तांदूळ सगळीकडं, उंदरांच्या लेंड्या.

“माताजी, ये क्या करके रखा?”

त्यानं लीलाधरला फोन लावला. बंद गाडी प्रदर्शनात घेत नाहीत, लीलाधर म्हणाला. या वायरी दुकानात मिळत नाहीत, एकेक हातानं ओवाव्या लागतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको, म्हणाला. मग मला म्हणाला, “माय, तांदूळ गाडीत कायले ठेवला?”

मी फोन दुलीचंदच्या हातात दिला.

ट्रक रिकामा जायला नको म्हणून लाखोळीचं गाठोडं त्याला दिलं.

८ डिसेंबर, सोमवार
राखीचा फोन आला. लीलाधर बुधवारी निघतो म्हणे. आठ-दहा दिवसांचं काम आहे, कोठ्यातच करावं लागंल.

मांजर परत आणली. गाडीतली उंदरांची खरखर मी पंधरा दिवसांपासून ऐकत होती.

काय विचारायचं ते लीलाधरनं विचारावं. राखीनं नाही, दुलीचंदनं नाही. अन् आधी त्यानं सांगायचं, तीन वर्षं काऊन आला नाही. मग मी पोत्यांचं सांगीन.