माय, तुझी वाकळ ओढ्यात जाणार नाही

प्रिय माय,

तुझ्या वाकळेवर बसून लिहिते आहे. उठले तर हे लोक ती उचलून ओढ्यात टाकतील. म्हणून उठत नाही. दत्ताच्या मुलीकडून गणिताची वही मागून घेतली. मागची पानं कोरी आहेत.

आज तिसरा दिवस. सकाळी सावडून झालं. राखेवरून मी भांडले नाही. राख पाण्यात विरते, तिच्याशी आपलं भांडण नाही, असं तूच म्हणायचीस. आता राहिलं अंथरूण-पांघरूण. ते ओढ्यात टाकल्याशिवाय पुरुषांनी अंघोळ करायची नाही आणि अंघोळीशिवाय जेवायचं नाही, ही आपल्या गावाची रीत. शेजारून पिठलं-भाकरी आली आहे. गार होते आहे. अंगणात दहा-बारा माणसं माझ्या उठण्याची वाट पाहत बसली आहेत.

दत्ता दोनदा ओसरीवर येऊन गेला. धाकटा भाऊ असून म्हातारा दिसतो आहे तीन दिवसांत.

"ताई, ऊठ ना. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"भूक लागली गं त्यांना."

"मग जेवा म्हणावं. मी कुणाचं ताट धरून बसले का?"

मग नाना आले. तुझे थोरले दीर. वडील गेल्यापासून आमच्यासाठी वडिलांच्या जागी. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"पोरी, मढ्याची वाकळ घरात ठेवत न्हाईत. जीव अडकून राहतो तिच्यात."

"राहू द्या, नाना. कुठं जायची घाई हाय तिला?"

"कालेजात ह्येच शिकवून राहिलीस व्हय?"

"कॉलेजात मराठी शिकवते."

"मग मराठीत सांगतो. ऊठ!"

मला हसू आलं, माय. तिसऱ्या दिवशी! तुलाही आलं असतं. पण उठले नाही.

तो उन्हाळा आठवतो का तुला? मी सातवीत होते. विहिरी लवकर आटल्या होत्या. ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून आपण पाणी भरायचो. गुडघाभर खड्डा, तळाशी गोळा होणारं पाणी, वाटीनं उपसायचं, फडक्यातून गाळून घागरीत घालायचं. तुझ्या अंगणवाडीत लेकरांना जुलाब लागले होते. तू पुड्या वाटत होतीस आणि जुलाब थांबत नव्हते.

एका सकाळी तू नवा झिरा उकरायला घेतलास. हाताला कापड लागलं. ओढलंस. वाळूतून अर्धी वाकळ निघाली. तू तिचं टोक धुतलंस, टाका पाहिलास. गावातल्या प्रत्येक बाईचा टाका तुला ठाऊक होता.

"ही तुझ्या काकूची," म्हणालीस.

काकू, नानांची बायको, आदल्या आखाडात गेली होती. तिच्या वाकळेतून झिरपलेलं पाणी आपण तो सगळा महिना प्यायलो होतो. नानाही प्यायले होते.

ती ओली वाकळ घेऊन तू नानांच्या दारात उभी राहिलीस. मोठ्या दिरापुढे कधी तोंड न उघडणारी तू! डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, "दादा, ही वाहून गेली न्हाई. तिथंच हाय सगळं. समद्यांचं."

"परत टाक."

"न्हाई टाकत."

दोन वर्षं नाना आपल्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

वाहून जातं, असं सगळं गाव धरून चालतं. तसं काही होत नाही. पावसाळ्यात अंथरूण पुढच्या वळणापर्यंत जातं, बाभळीला अडकतं, वाळूखाली दबतं. आपण त्यावर झिरा खणतो.

मग तुझे रविवार सुरू झाले. कडबा ओढायची आकडी तू लांब बांबूला बांधलीस आणि पात्रात उतरलीस. पहिले चार रविवार एकटी. पाचव्या रविवारी खालच्या तांड्यावरून गयाबाई आली. तिनं काठावरूनच तुला सुनावलं होतं.

"बाई, तुमच्या गावची मढी धुतलेलं पानी आमी पिऊन राहिलो. तुमाला आज कळलं व्हय?"

"आजच कळलं."

"मंग सरक. तुला ओढता येत न्हाई. अशी कंबरंतून ओढ."

पुढे आणखी चौघी-पाचजणी आल्या. कुणाची सासू ओरडायची, कुणाचा नवरा. एकीला घरच्यांनी बजावलं, तिकडं गेलीस तर चुलीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, बरं झालं, रविवारची सुट्टी मिळाली!

आणि बाग. अंगणवाडी आणि ओढा यांच्यामधला उकिरडा तुम्ही उपसलात. लिंब, करंज, जांभूळ लावलंत. उन्हाळ्यात रोपं माना टाकू लागली, तेव्हा गयाबाई म्हणाली, या ओल्या वाकळा बुडाशी पसरू. पसरल्या. एक घागर पाणी चार दिवस पुरायला लागलं. पहिल्या लिंबाच्या बुडाशी काकूची वाकळ गेली. आज तो लिंब केवढा झाला आहे! नाना रोज दुपारी त्याच्याखाली खाट टाकून पडतात. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. तूही नाही. का गं? मघाशी भांडताना माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. तेवढं तुझं राखलं.

लोक म्हणायचे, मढ्याच्या वाकळांची बाग. शाळेत मला म्हणायचे, वाकळवालीची पोरगी. मला लाज वाटायची, माय. परभणीला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात सांगितलं, माझी आई शिक्षिका आहे. रविवारी गावी असले तरी तुझ्याबरोबर पात्रात उतरले नाही. अभ्यास आहे म्हणायची. तुला कळत होतं. तू एकदाही बोलवलं नाहीस. बोलवायचं होतंस! कान धरून न्यायचं होतंस.

तुझी चूकही मला आठवते. दुसऱ्या वर्षी तुम्ही सापडेल ती वाकळ झाडांना घातलीत. जुन्या वाकळा सुती लुगड्यांच्या होत्या, दोन पावसांत त्यांची माती झाली. पण तोवर गावात नायलॉनच्या साड्या आल्या होत्या आणि वाकळा त्यांच्याच शिवल्या जात होत्या. त्यांच्यातून पाणी खाली उतरलं नाही. मुळं कोंडली. तीन जांभळं गेली. बघ्यांना तेच हवं होतं.

"पाहा, मढ्यानं धरलं झाड!"

तू अंगणवाडीच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलंस, "मढ्यानं न्हाई. चूक माझी हाय. मला कापड कळलं न्हाई." तिथून खाली उतरून तिन्ही खड्डे पुन्हा खणायला घेतलेस.

त्यानंतर तू प्रत्येक वाकळेची कड बोटात चोळून पाहायचीस. सुती असेल तर झाडाला. नायलॉनची असेल तर अंगणवाडीमागच्या ढिगात. ढीग वाढत गेला. जाळला तर लेकरांच्या नाकात वास जातो, पुरला तर वर येतो. त्याचं काय करायचं, असं मी विचारलं की म्हणायचीस, "बघू." पंधरा वर्षं बघू!

हिंगोली जिल्हा झाला, मग स्वच्छतेच्या कमिट्या येऊ लागल्या. एका कमिटीच्या आदल्या दिवशी गावकऱ्यांनी काय केलं? अंगणवाडी नीटनेटकी दिसावी म्हणून सगळा ढीग उचलून ओढ्यात ढकलला! साहेबांनी बागेचं कौतुक केलं, चहा घेतला, गेले. तू महिनाभर तेच पुन्हा वर ओढत होतीस. मी दुकानाच्या फोनवर तुला म्हणाले, आता तरी सोड.

"तू सोडलंस ना?" म्हणालीस. "घरातल्या एकीनं सोडलं, तेवढं पुरे."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

मघाशी गयाबाई आली. अंगणातल्या माणसांतून सरळ ओसरीवर आली आणि माझ्याशेजारी टेकली. रडली नाही.

"सुमे, कुठं न्यायची म्हणतीस ही?"

"बागेत. नव्या जांभळाला घालू."

तिनं वाकळेची कड बोटात धरली. मान हलवली.

"न्हाई चालायची."

"काहून?"

"चोळून पाह्य."

मी चोळून पाहिली. बोटांतून सुळकन निसटली. टाका तुझा होता, बारीक, सरळ. साडी माझी होती. निळी, जांभळ्या फुलांची. दर दिवाळीला माझ्या जुन्या साड्या पिशवीत भरून तुला आणून द्यायची. मऊ आहेत, वाकळेला होतील, म्हणायची. सगळ्या नायलॉनच्या. तू एका शब्दानं बोलली नाहीस. गावभर कड चोळत फिरणारी तू!

"म्या म्हनलं व्हतं तिला," गयाबाई म्हणाली. "बाई, उद्या ही आपल्याच ढिगात यायची. तर म्हनली, लेकीची साडी हाय, असू दे."

म्हणजे ओढ्यात नाही आणि झाडालाही नाही. मग काय करायचं? मी तिला विचारलं.

"तुज्या मायला पंधरा वर्सं सुचलं न्हाई, अन् मला इचारतीस? माजं डोकं तिच्याहून मोठं हाय व्हय?"

तेव्हापासून तुझ्यावर रागावले आहे, माय. ऐक.

तूही भ्यायचीस. रविवारी घरी आलीस की आकडी कुंपणाबाहेर ठेवायचीस, दारातच अंगावर दोन घागरी ओतून घ्यायचीस आणि मगच उंबरा ओलांडायचीस. पंधरा वर्षांत एकही वाकळ तू घरात आणली नाहीस. साऱ्या गावाला तू विचारलंस, ओढ्यात का टाकता? पण मुळात टाकूनच का देता, हे विचारलं नाहीस. पाच माणसांवर पुरेल अशी, एका बाईनं अख्खा उन्हाळा बसून शिवलेली वाकळ. तिची मालकीण मेली म्हणून तिला काय झालं? तुझी तर अजून धड मळलेलीही नाही. तिच्यात काय शिरलं आहे? तुझ्या तेलाचा वास येतो आहे, एवढंच.

मी नानांना हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाना, ही मी हापशावर नेऊन धुणार. भिंतीवर वाळत घालणार. आणि पांघरणार."

अंगणातले सगळे नानांकडे पाहू लागले.

"मढ्याची वाकळ पांघरणार?"

"मायची."

"मग मी या घरी जेवणार न्हाई."

"नका जेवू. तुमचं ताट झाकून ठेवते."

ते भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. अजून बसले आहेत. बाकीचे एकेक करून अंघोळीला उठले. भुकेपुढे रीत किती वेळ टिकणार? दत्तानं जाता जाता साबणाची वडी माझ्याजवळ ठेवली.

आता तुला शब्द देते. ही वाकळ मी वापरीन. फाटली की शिवीन. तुझ्यासारखा टाका मला येत नाही, वाकडा येईल. ढिगातल्या वाकळा येत्या रविवारपासून धुवायला घेणार आहे. वापरण्याजोग्या असतील त्या ज्यांच्या त्यांच्या दारात नेऊन ठेवणार. टाके ओळखायला तुझ्याकडून शिकलेली गयाबाई आहे. लोक दार लावून घेतील. शिव्या देतील. पौषातली थंडी आहे, पांघरा, असं बंद दाराला सांगून येईन. दुसऱ्या रविवारी पुन्हा जाईन. परभणीहून पहाटेची गाडी आहे, मी चौकशी केली आहे. आणि पात्रात उतरेन. कंबरेतून ओढायचं, ते गयाबाई शिकवील.

माझं काही झालं तर माझं अंथरूण पाण्यात जाणार नाही. हे दत्ताच्या मुलीनं ऐकलं आहे. तिला मी दोनदा म्हणायला लावलं.

वहीची पानं संपली. आता उठते. वाकळ माझ्या खांद्यावर आहे. कुणी हात लावून दाखवावा.

तुझी,
सुमी