बिनडोळ्यांचा बाप्पा आणि आम्हा बायकांचं मत

ती. नंदाआत्या,

टॅम्पिनीसच्या अकराव्या मजल्यावरून तुला वाकून नमस्कार. (वाकता येतं. गुडघा बरा आहे, तुझ्या तेलाने की इथल्या फिजिओथेरपीने ते माहीत नाही. श्रेय तेलाला देऊन टाकते.) तुझं बीपी कसं आहे? कारखान्यातल्या मुलींवर ओरडणं कमी केलंस का? पेणला आता जरा गार पडायला लागलं असेल. इथे बारा महिने उकडतं, त्यामुळे हवेवर एका ओळीपेक्षा जास्त लिहिता येत नाही आणि लगेच मुद्द्यावर यावं लागतं. पण मुद्दाही लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊनच बैस.

आमच्या मंडळाची गणपतीची मूर्ती पहिल्यांदा तुझ्या कारखान्यातून मागवली तेव्हा तू अट घातली होतीस ना, की मूर्ती रंगवून पाठवीन पण डोळ्यांची आखणी तिथे अश्लेषानेच करायची, नाहीतर परदेशात बसून पोरीचा हात जाईल. ती अट मी बारा वर्षं पाळली. बाकी माझं इथे बरं चाललंय. बुकित तिमाहच्या श्रीमंतांच्या कुत्र्यांची तैलचित्रं काढते (एक पूडल तर समोर बसायला माणसांपेक्षा शहाणा निघाला), दोन प्रदर्शनांत चित्रं लागली, आणि एक चित्र एका दातांच्या डॉक्टरने वेटिंग रूममध्ये लावलंय, जिथे लोक त्याच्याकडे फार भेदरून बघतात. पण मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी काय छापून येतं? 'नेत्ररेखन: सौ. मनोहर दामले'. डोळे मी काढायचे आणि नाव नवऱ्याचं, ज्याला साधी रांगोळीची ठिपक्यांची ओळ सरळ येत नाही.

यंदा जूनमध्ये मी सेक्रेटरी अंकुरला म्हटलं, बाबा रे, माझं नाव छाप. तो पोरगा सभ्य आहे. त्याने मला बसवून, पाणी देऊन समजावलं, की छपाईतला बदल ठरावाने होतो, ठरावाला मत लागतं, आणि घटनेप्रमाणे एका कुटुंबाला एकच मत, तेही कुटुंबप्रमुखाचं, म्हणजे ज्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर कुटुंब इथे आलं त्याचं. आम्ही बायका सहसदस्य. (सहसदस्याने साडेचारशे मोदक वळावेत, याला मात्र ठराव लागत नाही.) माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, बायकांना मत मिळेपर्यंत यंदा बाप्पाला डोळे मिळणार नाहीत.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. अध्यक्ष अभय म्हणाले, दोन रेघा तर आहेत, आम्ही काढू. आत्या, कमिटीतले सहा इंजिनिअर तीन आठवडे अभयच्या हॉलमध्ये बसून बटाट्यांवर डोळे काढत होते. माझ्या जुन्या मूर्तींचे फोटो मोठे करून त्यांनी माझी एकेक रेघ अभ्यासली; भुवई कुठे जाड होते, शेवटी किती अंशांत वर वळते, याचा तक्ता केला. बटाटे काही केल्या बघेनात. काही रागावलेले दिसत होते, एक तर थेट अभयसारखाच दिसत होता. शेवटी सगळ्यांच्या घरी आठवडाभर बटाट्याची भाजी झाली आणि मंडळाने विशेष सभा बोलावली.

सभेत विरोध कोणी करावा? अभयच्या बायकोने, सरोजिनीताईंनी. आम्हाला घरात काय कमी आहे, मत घेऊन करायचं काय, असं त्या अर्धा तास बोलल्या. (मताचा अधिकार नसलेल्या बाईला इतका वेळ कसा दिला, हे मी विचारलं नाही.) मूर्ती समोरच होती, डोळ्यांच्या जागी कोरी. तिच्यासमोर हात वर करायचे म्हणून पुरुष जरा चुळबुळत होते. तेवढ्यात आमचा मनोहर उठला. तुला माहीत आहे, तो लग्नातही चारच शब्द बोलला होता. तो म्हणाला, मी बारा वर्षं हिला विचारूनच मत देतोय, आता तिचं तिला देऊ द्या, माझा एक निरोप्याचा धंदा तरी सुटेल. सगळे हसले, आणि हसता हसता हात वर गेले. एकोणसाठ विरुद्ध दोन. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे काढले. शेवटची भुवई ओढली तेव्हा मला वाटलं, यंदा बाप्पा जरा गालात हसतोय. फोटो पाठवलाय, तूच सांग. स्मरणिकेत खाली स्पष्ट छापलंय, 'नेत्ररेखन: अश्लेषा दामले'.

मग परवाच्या रविवारी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. बायकांनी मला उभं केलं. समोर कोण, तर सरोजिनीताई, ज्यांना मत नको होतं. अर्ज भरायला मात्र सगळ्यांत आधी हजर. मनोहर माझ्या प्रचाराला पार दुसऱ्या टोकाच्या सेम्बावांगपर्यंत घरोघर फिरला, चकल्या खाऊन आजारी पडला. सरोजिनीताई जिंकल्या, चव्वेचाळीस विरुद्ध त्रेचाळीस. मला काडीचं वाईट वाटलं नाही. नटून रांगेत उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका पाहून मी इतकी खूश होते की पेढेही मीच वाटले.

तब्येतीला जप, गोळ्या चुकवू नकोस.

तुझी लाडकी,
अश्लेषा

ता. क. एक काम आहे. मनोहर फेरमोजणी मागणार आहे, प्रत्येक मतपत्रिका पडद्यावर मोठी करून दाखवा म्हणतोय. त्याच्या मते एका मताचा घोटाळा झालाय. तो फक्त तुझं ऐकतो. त्याला फोन कर आणि काहीही सांगून थांबव.

ता. क. दुसरा. घोटाळा झालेला नाही. स्वतःलाच मत द्यायला कसंतरीच वाटलं गं, पानावर स्वतः आधी वाढून घेतल्यासारखं. म्हणून मी सरोजिनीताईंना दिलं. (त्यांनी स्वतःलाच दिलं, सगळ्यांना सांगतात.) आणि खूण करताना सवयीने हात वळला, बाप्पाच्या भुवईसारखा. मतं मोजायला आमची ऋचा होती, तिने ती ओळखली, मतपत्रिका गुपचूप गठ्ठ्यात सरकवली आणि घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, इथल्याच इंग्रजीत म्हणाली, "आई, व्हाय यू लाइक दॅट?" पण कमिटीतले सहाही जण ती रेघ झोपेत ओळखतील. पहिला मान दुसऱ्याला द्यावा हे मला लहानपणी तूच शिकवलंस, तेव्हा हे थोडं तुझ्याही अंगावर येतंय. फोन आजच कर.