रविवारची गोळी

दिंडोरी

प्रिय हर्षाली,

आज तुला न कळवता सकाळच्या एसटीनं नाशिकला येऊन गेले. गंगापूर रोडला तुझ्या डॉक्टरांना भेटले. आधी विचारलं, माझ्या लेकीचा हा संधिवात अजून किती दिवस? ते म्हणाले, “मावशी, हा ताप नाही उतरून जायला. तिच्या शरीराची रोगाशी लढणारी ताकदच तिच्या सांध्यांवर उलटली आहे. औषधानं सूज दबून राहील, काही वर्षं बरीही जातील, पण जन्माची सोबत धरून चाला.”

पाच वर्षं मी तुला मुदती देत आले. दिवाळीपर्यंत बरं वाटेल, थंडी सरली की बोटं मोकळी होतील. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सकाळी तुला डब्याचं झाकण उघडेना, तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, लवकर उठत जा, अंग हलकं होईल. मनोजराव तुझी वेणी घालायला शिकले, तेही मला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी तू तीन महिने माझ्याकडे राहिलीस. आठवड्यातून एकदाच घ्यायची तुझी संधिवाताची ती रविवारची गोळी पाहून शेजारची सखुबाई म्हणाली, “असल्या गोळ्यांनी लिव्हर जातं बाई. माझ्या भावजयीला चूर्णानं गुण आला.” आणि सव्वीस वर्षं अंगणवाडीत बायांसमोर उभं राहून त्यांना लोहाच्या गोळ्या गिळायला लावणारी मी, तुझी पाकिटं काढून घेतली. तू म्हणालीस, “आई, डॉक्टरांना विचारू या ना.” मी रागावले. तू निमूट चूर्ण घेतलंस. दिवाळीला तुझं उजवं मनगट वळेनासं झालं.

तेव्हा मनगट दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी आवाज चढवून विचारलं होतं, “गोळ्या कोणी बंद केल्या?” तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, “मीच.” शिकलेल्या बाईनं असं करावं का, म्हणून ते तुला बोलत राहिले. मी शेजारच्या खुर्चीत गप्प.

तेच सांगायला आज गेले होते. म्हटलं, गोळ्या मी बंद केल्या, तिचा काही दोष नाही. मग विचारलं, मनगट पुन्हा वळेल का? त्यांनी तुझा एक्स-रे पाहिला आणि नाही म्हणाले. आता उरलेले सांधे सांभाळायचे. तिथून तुझ्या बिल्डिंगपर्यंत आले, लिफ्टपाशी थांबले, पण वर येऊन काय बोलू ते सुचेना. म्हणून हे लिहिते आहे. ‘मला माफ कर’ असं लिहिणार होते. पण तू लगेच करशील, आणि तेच मला सोसवणार नाही.

तुझीच,
आई