मधली भिंत

ब्लाएनवेन, ऑक्टोबर

प्रिय मॉर्विद,

परवा तुझी मेनिर पुन्हा फोनवर होती. "मावशी, आईचा जीव टांगणीला लागलाय, एकदाचं हो म्हणून टाका ना!" पोरगी अगदी तुझ्यासारखी गोड बोलते, म्हणून तर जास्तच चिडचिड होते. तुझं काय जातंय लिव्हरपूलमध्ये बसून? संग्रहालयवाले तुमच्या घराच्या दगड न् दगडावर आकडे घालणार, ते उचलून दूर नेणार, तिथे जसंच्या तसं उभं करणार आणि दारावर तुझ्या वडिलांचं नाव लावणार. आपल्या दोन घरांच्या मधली भिंत मात्र एकच, दोघींची. ती द्यायची की नाही हे मी ठरवायचं. त्यामुळे सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत बसलंय.

सरळच सांगते, मी जळले. संग्रहालयाची ती बाई, लोवरी, पहिल्यांदा आली, त्या दिवशी मी वेडी, नवा एप्रन बांधून, मनुकांच्या ब्रेडला लोणी लावून तयार. वाटलं, घरांच्या या ओळीत जन्म काढला तो मी, म्हणजे घर बघतील तेही माझंच. तिने दारातूनच मान आत घातली आणि म्हणाली, "अरेरे, इथे बरंच बदललंय हो." मग तुझ्या घरात शिरली ती बाहेर यायचं नाव घेईना. काजळी धरलेली तुझी शेकोटी, पोरांना झोपायचा तो अर्धा माळा, पायांनी झिजलेली पाटीच्या दगडाची फरशी, सगळ्यावरून हात फिरवत होती. "बघा नेस्टामावशी, खाणकामगाराचं घर हे असं असायचं!" मला सांगतेय! माझा बाप त्याच खाणीत दगड फोडत होता आणि मी तुझ्या त्याच फरशीवर रांगले. ब्रेडचे मात्र चार तुकडे खाल्ले तिने.

माझं घर कशापायी बदललं माहीत आहे? तुझ्या खिडकीपायी. खाणमालकाने आपली ओळ बांधली तेव्हा भिंतींना खाणीतला टाकाऊ दगड फुकटात होता, म्हणून त्या दोन-दोन हात जाड. काच विकत आणायची, म्हणून खिडक्या वीतभर. माळ्यावर उजेड कुणाच्याच नशिबी नव्हता. तुमचं घर टोकाचं, त्याला तेवढी एक खिडकी बाजूच्या भिंतीत मिळाली. तू तिथून खाणीकडे बघत सांगायचीस, "आले गं, बाबा आले सगळे!" आणि मी माळ्यावरच्या अंधारात पडून ते ऐकायची. लग्न झाल्याबरोबर इद्वलच्या मागे लागले आणि समोरची भिंत फोडून घेतली. तुझ्यापेक्षा मोठी खिडकी हवी होती, आणि केलीच मोठी. वर त्याने हौसेने दगडांवर सिमेंट थापलं, तेव्हापासून भिंती आतून पाझरतात. तुला काय, तू नवऱ्याबरोबर निघून गेलीस, घराला कुलूप लागलं, म्हणून ते अस्सल राहिलं. मी इथे राहिले, संसार केला, न्हाणीघर आत आणलं, म्हणून माझं वाया गेलं. आणि तुझ्या घराला ओल धरू नये म्हणून दर हिवाळ्यात तिथे कोळसा कोण पेटवतं? मीच. मला गं कसलं नाव?

चॅपलमधल्या बायका कुजबुजतात, "नेस्टाच्या पोटात दुखतंय." दुखतंयच. लोवरी म्हणते, तिच्या जागी नवी भिंत बांधून देऊ, याहून भक्कम. असेल भक्कम. पण आपल्या दोन्ही शेकोट्या त्या भिंतीला पाठ लावून आहेत. सकाळी तुझी आई सळईने शेकोटीच्या मागच्या पत्र्यावर ठोकायची, म्हणजे "जागी आहेस का गं?" आणि माझी आई उलट ठोकायची. त्यातच दोघींचं सगळं बोलणं होऊन जायचं. खाणीत अपघात होऊन भोंगा अवेळी वाजला की आधी तिकडून ठोका यायचा, मग दार उघडायचं. नव्या भिंतीपलीकडे माझ्यासाठी नुसतं गवत असेल.

काल संध्याकाळी मी लोवरीला नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, भिंतीशिवाय घर नेण्यात अर्थ नाही, आता ते दुसऱ्या खोऱ्यातलं घर बघतील. मेनिरच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिते आहे. तू म्हणशील, नेस्टा जळली म्हणून आडवी आली. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की घर इथे आहे तोवर दर उन्हाळ्यात मला वाटतं, मॉर्विद निदान घर बघायला तरी येईल. घरच उचलून नेलं, तर तू कशासाठी येशील? नुसती माझ्यासाठी येशील, एवढी खात्री मला कधीच वाटली नाही, लहानपणीही नाही. आता तू चिडशील. चीड. पण फोनवर नको, आणि मेनिरला मध्ये घालून तर मुळीच नको. इथे ये आणि माझ्या तोंडावर भांड.

तुझीच, कितीही जळली तरी तुझीच,
नेस्टा