खालून वर वाचलेलं विवरणपत्र

बाई, यंदा मी माझं आयकराचं विवरणपत्र स्वतःच भरायचं ठरवलं आणि घरात त्याला काटकसर असं नाव दिलं. अठ्ठावन्न पूर्ण झाली, शाळेने शाल-नारळ देऊन निरोप दिला, तेव्हापासून आमच्याकडे काटकसरीच्या नावाखाली बरंच काही खपतं. इतकी वर्षं शाळेचा कारकून कागद पुढे करायचा आणि तो बोट ठेवेल तिथे मी सही करायचो. आता कारकून नाही, सही तेवढी शिल्लक आहे. बायको म्हणाली, "अहो, घोरावाडीला तुमच्याबरोबर शिकलेली ती आहे ना, अर्धं मावळ तिच्याकडून भरून घेतं. हजार रुपये द्या आणि मोकळे व्हा." मी म्हणालो, "तीस वर्षं समास सोडवले, मला एक फॉर्म सुटणार नाही?" ती म्हणाली, "समास चुकला तर घरी नोटीस येत नव्हती."

खरं कारण तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला तिच्याकडे जायचं नव्हतं. षड्रिपूंमध्ये मत्सर शेवटी येतो, म्हणून लहानपणी मला वाटायचं की तो सगळ्यांत किरकोळ असावा. तसं नाही. बाकीचे पाच वयोमानाप्रमाणे निवृत्त होतात. हा एकटा सेवेत राहतो.

तुमच्या लोणावळ्याच्या त्या दोन खोल्या. भिंतींना बारा महिने ओल, मीठ पाझरू नये म्हणून बरणीत टाकलेले तांदळाचे दाणे, आणि ओट्याजवळचा माझा पाट. माझा म्हणजे, मीच तसं ठरवलेलं. मी नववीत आहे, दर रविवारी सकाळी जादा संस्कृत शिकायला येतो, आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता माझे पाठ ऐकता. एका रविवारी दारातून पाहतो तर पाटावर ती. सुदुंबऱ्याची, शिकायला मावशीकडे राहिलेली, संस्कृतात कशीबशी पस्तीसवर टेकणारी. समोर शिक्षकांच्या पगाराचे कागद. तुम्ही सगळ्या स्टाफचे आयकराचे फॉर्म फुकट भरून द्यायचात हे ठाऊक होतं, पण त्या कामाला माणूस लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती आकडे वाचते आहे, तेही उलटे: कागदाच्या तळापासून वर, एकेक ओळ. तुम्ही हातातल्या फॉर्मवर बरोबरची खूण करता आणि नुसतं "हं" म्हणता. माझ्या पाठांतराला तुम्ही इतक्या समाधानाने कधी "हं" म्हणाला नव्हता. मी विचारलं, "बाई, मी वाचू का? माझे उच्चार चांगले आहेत." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू अर्थ लावत बसतोस. मला नुसतं वाचणारं माणूस हवंय. ओसरीवर बस." मी ओसरीवर बसलो. तसं पाहिलं तर अजून उठलेलो नाही.

पण मी हार मानणारा नव्हतो. बी.ए.ला जटापाठ, घनपाठ कळले, मंत्रातला एक स्वरही हलू नये म्हणून पदं पुढून-मागून म्हणायची ती युक्ती कळली, आणि डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी वेदपाठींची रीत आयकराला लावली होती! म्हणजे मूळ विद्या आमची, संस्कृतवाल्यांची. त्या मुलीला तुम्ही फक्त तिचा उपयोग करू दिलात. किती बरं वाटलं म्हणून सांगू. पुढे तीस वर्षं मी प्रत्येक वर्गाला हे सांगितलं. परीक्षेचे गुण फळ्यावर मांडून खालून वर वाचायला लावायचो आणि म्हणायचो, "ही माझ्या बाईंची परंपरा." मुलं आदराने ऐकायची. म्हणजे गप्प बसायची.

तर विवरणपत्र. अकरा दिवस मी संगणकापुढे बसलो. सरकारनेच अर्धे रकाने भरून दिले होते, त्यामुळे ते अपौरुषेय मानून मी त्यांना हात लावला नाही. उरलेले मी भरले. सगळं जुळलं. मग ते पाठवून द्यावं की नाही? शहाण्या माणसाने पाठवलं असतं. मी त्याची शाईच्या पेनाने हाती नक्कल काढली, तिच्यात बँकेच्या व्याजाच्या रकमेतले दोन आकडे मुद्दाम उलटसुलट केले, आणि घोरावाडीची गाडी धरली. मला तिची परीक्षा घ्यायची होती. तुमची म्हणवणारी विद्यार्थिनी कितपत तयार आहे ते पाहायचं होतं. बायकोला सांगितलं, शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जातोय. एरवी मी देवळात जात नाही, त्यामुळे तिने शंका घेतली नाही, फक्त प्रसाद आणायला सांगितलं.

तिचं ऑफिस म्हणजे स्टेशनपासून चार पावलांवर एक गाळा. बाकावर पाच-सहा निवृत्त माणसं, मांडीवर पिशव्या. मला पाहताच ती ओरडली, "आरं पंडित! लय उशीर केलास. रिटायर होऊन वर्स झालं की तुला."

"मी नुसता दाखवायला आलोय," मी म्हणालो. "भरलंय मीच."

"व्हय? मग बस. आबांचं झालं की तुझं."

आबा म्हणजे धोतरातले एक म्हातारे. ते कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचत होते, तळापासून वर. ती बरोबरची खूण करत होती आणि म्हणत होती, "हं." बाई, तोच "हं." तीच खालची पट्टी, तसंच मान न उचलणं. मी मेलेल्या माणसाचा आवाज जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटलं, हिने चोरलाय.

माझी पाळी आली. तिने माझे बँकेचे मूळ कागद स्वतःपुढे घेतले आणि म्हणाली, "वाच. खालनं." मी वाचू लागलो. व्याजाच्या ओळीशी आलो, तो खोटा आकडा तोंडातून गेला आणि "हं" आलाच नाही. पेन्सिल हवेत. बाकावरचे आबाही माझ्याकडे पाहू लागले. शेवटी मीच म्हणालो, "हा चुकला वाटतं."

"चुकला न्हाई, चुकवलास," ती माझ्या हातातल्या कागदाकडे वाकून म्हणाली. "लिहिताना हात थांबलाय तितं. शाई बघ की. पुढं वाच."

आणखी तीन ओळी वर गेल्यावर पेन्सिल पुन्हा थांबली. शिल्लक रजेचे पैसे मी सरळ उत्पन्नात मिळवले होते. त्यांच्यावर कर लागत नाही हे मला माहीत नव्हतं; सरकारला फुकट दान देऊन बसलो असतो. "ही मातुर खरी चूक," ती म्हणाली. मग बाकाकडे वळून, "आमच्या वर्गात पयला यायचा ह्यो. अट्ठ्याण्णव मार्कं." आबा म्हणाले, "असू दे, असू दे," जसं एखाद्याच्या घरी दुःखद काही घडल्यावर म्हणतात.

मला उरलेली अब्रू राखायची होती. मी म्हणालो, "ही खालून वाचायची पद्धत मूळ वेदपाठाची, बरं का. बाईंनी तुला दिली, पण—"

ती हसली. टिंगलीने नव्हे, ते जास्त लागलं. "बाईंनी मला कुटं दिली? मीच दिली बाईंना. माजं वडील सुदुंबऱ्याच्या दूध डेअरीत रजिस्टर ठेवायचं. रोजच्या लिटरांचा तक्ता ते खालनं वर वाचून घ्यायचं. म्हणायचं, वरनं वाचलं की माणूस आटवणीतनं वाचतो, खालनं वाचलं की डोळ्यानं वाचतो. बाईंची एकदा बेरीज चुकली तवा मी सांगितलं. त्या म्हणाल्या, शिकव मला."

शिकव मला. बाई, हे तुम्ही म्हणालात? नववीतल्या मुलीला? जन्मभर मी तुमच्यापुढे पाठ म्हणत आलो, गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन आलो, आणि तुम्हाला माझ्याकडून शिकण्यासारखं काही असेल हे ना तुमच्या डोक्यात आलं ना माझ्या. तीस वर्षं मी वेदपाठ म्हणून दूध डेअरीचं रजिस्टर शिकवत होतो. मुलं गप्प बसायची ते बरोबरच होतं.

तिने दोन्ही चुका दुरुस्त केल्या, माझ्या फोनवर आलेला आकडा विचारून विवरणपत्र तिथल्या तिथे पाठवलं, आणि पूर्ण फी घेतली. वर्गमित्राची सूट नाही. पावती फाडताना सहज बोलली, "शेवटची सात वर्सं बाईंचंबी मीच भरलं. हितंच बसायच्या, तुज्या खुर्चीत. तुज्याबद्दल लय बोलायच्या. काय म्हणायच्या सांगू?"

"नको," मी म्हणालो. इतक्या झटकन की पावतीच्या पुस्तकावरून तिने मान वर केली.

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली आणि मी उभाच राहिलो. घरी मी सांगितलं की यापुढे तिच्याकडेच भरायचं. या वयात डोकं शांत राहणं हजार रुपयांत स्वस्त आहे. बायको म्हणाली, "हेच मी म्हणत होते." तिला तेवढं पुरलं. प्रसाद नव्हता, त्याबद्दल मी गर्दीला दोष दिला.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी आयकराच्याच फायलीत लावून ठेवतो. तिथे वर्षभर कुणी हात घालत नाही. तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणालात ते आता जगात एकट्या तिला माहीत आहे, आणि ते तिच्या तोंडून ऐकणं मला अजून सोसवत नाही. पण तिने ते विसरू नये असंही वाटतं. म्हणून निघताना मी पुढच्या वर्षाची निम्मी फी आगाऊ देऊन आलो आहे.