गजाननाच्या नावावरची तारीख

९ सप्टेंबर
बटण झालं एकदाचं. एक्सेल शीटमधल्या हिरव्या बटणावर टिचकी मारली की बुकिंगचा फॉर्म उघडतो. तारीख, कुणाच्या नावे, वधू, वर. एका तारखेला दुसरं बुकिंग घेतच नाय. गेल्या साली एकाच मुहूर्ताला दोन वऱ्हाडं दारात उभी राहिली. घोळ मामांचा, शिव्या मी खाल्ल्या. मामा म्हणजे मॅनेजर, आमच्या मंगल कार्यालयाचे मालक आण्णा, त्यांचे मेव्हणे. सगळे मामाच म्हणतात. मी मनात जे म्हणते ते इथं नको.

१० सप्टें.
आण्णांनी कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर. पहिली नोंद देवाच्या नावानं झाली पाहिजे म्हणाले. इथं पावतीबुक नवं काढलं तरी तसंच करतात. मामा लगेच पुढं, सात डिसेंबर टाक, मुहूर्त चांगलाय. टाकलं, 'श्री गजानन प्रसन्न'. वधू-वर रिकामं. नंतर पुसायला गेले तर आण्णा अंगावरच आले. "देवाचं नाव पुसायचं नसतं." म्हणजे सात डिसेंबरला हॉल गजाननाला. धन्य आहे!

१६ सप्टें.
मामा सकाळी शीट उघडतात. वर पिवळी पट्टी येते, बटणामागचा प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, चालू करायचा का म्हणून. हे फुली मारून ती घालवतात. मग बटण कसं चालंल? मग बोंबलतात, पोरीनं वाटोळं केलं. कितीदा सांगितलं. आज नाय सांगितलं. बसा बोंबलत.

२१ सप्टें.
धाकट्या बहिणीचं, सोनीचं जमलं. पोरगा लासूर स्टेशनचा, फौजेत. रजा डिसेंबरातली, लई थोडी. भटजींनी त्यात एकच मुहूर्त काढला. सात डिसेंबर.
घरी फुलंब्रीत सगळे पेढे खात होते, माझ्या डोळ्यापुढं गजाननाची नोंद. मी कामाला लागले तेव्हा आण्णांनी शब्द दिलेला, तुझ्या बहिणीचं लग्न आपल्याच हॉलात. आई तो शब्द गावभर सांगून बसलीय.

२२
आण्णांना विचारलं, देवाची नोंद दुसऱ्या तारखेला सरकवू का? म्हणाले, मामांना विचार. मामांना विचारलं. देवाशी खेळू नको म्हणे. जसे काय रोज सोवळ्यातच बसतात. तंबाखूची पिचकारी तुळशीच्या कुंडीत मारणारा माणूस.

२७
कळलं. मंडपवाले शकीलभाई उस्मानपुऱ्यातनं हिशोबाला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "सात का मंडप तो मामा कब का बोल के रखे. उनकी भतीजी की शादी है ना."
म्हणजे पुतणीसाठी तारीख दाबली, तीपण देवाच्या नावावर. आण्णांना पत्ता नाय. चोर तो चोर, वर शिरजोर. भांडायचं तर मामा घरचा माणूस, मी नोकर. कोण ऐकणार?

२८
डबा खाताना आईचा फोन. पत्रिकेचा मजकूर वाचून दाखवत होती. पहिली ओळ, श्री गजानन प्रसन्न. त्याच्याखाली चि. सौ. कां. सोनाली.
पुन्हा वाच म्हणाले. तिला वाटलं आवडलं.
हात धुतले. बटण दाबलं. गजाननाची नोंद उघडली. एक अक्षर पुसलं नाय. वधूच्या जागी सोनाली. वराच्या जागी सागर. जतन.

३०
आज नेमकी मामांनी पिवळी पट्टी नीट वाचली. बटण दाबलं, सात डिसेंबर टाकली, पुतणीचं नाव टाकलं. फॉर्म म्हणाला, तारीख दिलेली आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग नोंद उघडून बघितली अन् लालबुंद झाले. सगळ्या स्टाफपुढं मला चोर म्हणाले. मला!
मी म्हणाले, "देवाचं नाव तसंच आहे मामा. पत्रिकेवरबी वर तेच असतं."
मामांनीच फोन करून आण्णांना बोलावून घेतलं. एकतर ही नोंद राहील नाय तर ही पोरगी, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. मग मीबी मंडपाचं सांगून टाकलं.
आण्णांनी चष्मा लावला. गजाननाचं नाव वाचून हात जोडले. मग खालची दोन नावं वाचली. मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सकाळी बोलू म्हणाले अन् चष्मा तिथंच विसरून गेले.
घरी पोचले तर आई दारातच. पत्रिका छापायला टाकू का, विचारते. हॉलच्या नावासकट.
टाक म्हणाले.