स्वहस्ते घडवलेल्या संगणकाचे मौनव्रत

आदरणीय साडूभाऊ,

आपणास व मेहुणीबाईंना सप्रेम नमस्कार. आपल्या गुडघ्याची कुरकुर आता मंदावली असेल, अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व कुशल. केवळ एकाचे प्राण कुडीत प्रवेशण्यास राजी नाहीत.

"दादा, तयार संगणक घ्या, तासाभरात सुरू होतो," हा आपला सल्ला मी गतमासी स्मितपूर्वक धुडकावला आणि सुटे भाग आणून स्वहस्ते यंत्रनिर्मिती आरंभली, हे आपण जाणताच. (सोबतची चाळीस पानी माहितीपुस्तिका वाचली नाही, रचना बुद्धीला स्वयंस्पष्ट होती.) रविवारी सकल कुटुंबासमक्ष कळ दाबली. पंख्याने एक गिरकी घेतली आणि तत्क्षणी वैराग्य पत्करले. पडदा काळा तो काळाच. गेले दोन दिवस मी रॅम तीनदा काढून बसवली, मदरबोर्डवरची बॅटरी उपटून पुन्हा खोचली, मागचा खटका तपासला, एकेक वायर ओढून पाहिली. एक स्क्रू शिल्लक उरला आहे; तो कोठला, हे तोही सांगत नाही. येत्या सोमवारी सकाळी आठला हिची ऑनलाइन शिकवणी सुरू होते: बावीस विद्यार्थी, विषय बीजगणित. ही दर तासाला दारात येऊन विचारते, "काय म्हणतंय बाळ? रडलं का?" मी "निदान चालू आहे" असे गांभीर्याने सांगतो. शनिवारपर्यंत रडले नाही तर तयार संगणक घरात येईल, आणि माझे उर्वरित आयुष्य (त्या स्क्रूसह) टोमण्यांत व्यतीत होईल.

आपला,
हट्टी नव्हे, केवळ दृढनिश्चयी साडू

ता.क. माझा संशय पॉवर सप्लायवर आहे. आपणास भेट दिलेला आमचा जुना संगणक, जो "विद्युद्वेगाने धावतो" असे आपण वारंवार कळवता, तो शुक्रवारी गुपचूप घेऊन यावा. त्याचा पॉवर सप्लाय लावून पाहीन. (फोन टाळला, या घरात भिंतींपेक्षा हिचे कान तिखट.) हिने विचारल्यास सहज आलो म्हणावे. संगणक काखोटीला मारून सहज कसे येतात, ते आपण योजावे.

ता.ता.क. पाकीट चिकटवण्यापूर्वी हिने पत्र वाचले आणि मेहुणीबाईंना फोन लावला. तो संगणक आपल्या घरी एकदाही सुरू झाला नाही, आणि माझे मन मोडू नये म्हणून आपण त्यावर चादर घालून स्तुतिस्तोत्रे रचत होता, असे कळले. (पाठवण्यापूर्वी मीच त्याचे सर्व भाग सुटे करून निगुतीने पुसले होते, हा निव्वळ योगायोग.) सौजन्याबद्दल ऋणी आहे. तरीही यावे, दोन मृतांतून एक जिवंत निश्चित करू. घाई मात्र नाही. दोघी बहिणी आत्ताच संगणकाच्या दुकानात गेल्या आहेत.